उघडे दार आणि आतला जिना

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना क्युपर्टिनोचे डी ॲन्झा किंवा फ्रीमाँटचे ओलोनी ही नावे परिचयाची असतात. शाळकरी मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत गणिताचा एखादा अभ्यासक्रम तेथे उरकतो, लग्न होऊन नुकतीच गेलेली सून लेखापालनाचा वर्ग लावते. मात्र हेच घर पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांशी फोनवर बोलू लागले, की ‘कम्युनिटी कॉलेज’ हे शब्द जरा चाचरतच उच्चारले जातात. ज्याला कोठे प्रवेश मिळाला नाही तो तेथे जातो, असा एक समज त्यामागे असतो. समज अगदीच निराधार नाही, कारण कोणालाही नाकारायचे नाही या तत्त्वावरच ही संस्था उभी आहे. आज कॅलिफोर्निया राज्यात अशी ११६ महाविद्यालये असून त्यांत सुमारे वीस लाख विद्यार्थी शिकतात. सर्वांना आत घेणाऱ्या या व्यवस्थेतून बाहेर पडताना पदवी किंवा प्रमाणपत्र हाती असणारे इतके थोडे का, आणि त्या थोड्यांतही कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थी आणखी थोडे का, हा प्रश्न त्या राज्याच्या प्रशासनाने गेली पन्नास-साठ वर्षे वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला. त्या प्रयत्नांचा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे.

या संस्थेचा जन्म समतेच्या ध्यासातून झाला, असे मानण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी पहिले सार्वजनिक ‘ज्युनियर कॉलेज’ सुरू झाले, तेव्हा त्यात सहा विद्यार्थी होते. त्यामागची एक प्रेरणा शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची होती. पदवीची पहिली दोन वर्षे म्हणजे वस्तुतः शालेय शिक्षणाचेच शेपूट आहे, ते विद्यापीठाबाहेर न्यावे आणि विद्यापीठाने उच्च अध्ययन व संशोधन सांभाळावे, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे गर्दी बाहेर थोपवण्यासाठी बांधलेले दालनच पुढे सर्वांना आत घेणारे दालन ठरले. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये माध्यमिक शाळांना पुढील अभ्यासक्रम चालविण्याची मुभा देणारा कायदा केला आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे त्याप्रमाणे पहिले वर्ग भरले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांची रीघ लागली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव आणि त्यामागची लोकशाहीची भूमिका देशभर रूढ केली.

खरा पाया घातला तो १९६० च्या बृहत् आराखड्याने. क्लार्क केर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. आराखड्याने उच्च शिक्षणाचे तीन मजले केले. गुणानुक्रमे वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालये आणि उरलेल्या सर्वांना ज्युनियर कॉलेज. खालच्या मजल्यावरून दोन वर्षांनी वर जाण्याची वाट मोकळी राहील आणि रहिवाशांना शिकवणी शुल्क पडणार नाही, अशी हमी होती. या आराखड्याचे कौतुक जगभर झाले व ते योग्यच होते. परंतु एक तपशील कौतुकाच्या भरात झाकला जातो. आराखड्यापूर्वी विद्यापीठ वरच्या सुमारे पंधरा टक्क्यांना आणि राज्य महाविद्यालये वरच्या जवळपास निम्म्यांना घेत असत. वरच्या दोन्ही मजल्यांची दारे अरुंद करूनच तळमजल्याचे दार सताड उघडण्यात आले होते. अर्थात स्वस्तात अधिक विद्यार्थ्यांची सोय करण्याचा तो उपाय होता. खजिनदाराच्या नजरेतून पाहिले तर तो चोखच होता.

त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्येच, बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने सॅन होझे येथील ज्युनियर कॉलेजच्या अभ्यासावर आधारित एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. समाज सर्वांना पदवीची आशा दाखवतो, पण जागा सर्वांसाठी नसतात. मग आशा आणि वास्तव यांतील अंतर कोठेतरी मुरवावे लागते. ज्युनियर कॉलेज हे काम करते, असे क्लार्क म्हणतो. ते विद्यार्थ्याला नाकारत नाही. चाचणी, समुपदेशन, पूर्वतयारीचा वर्ग, पुन्हा समुपदेशन अशा टप्प्यांनी त्याची आकांक्षा हळूहळू निववते, इतकी की शेवटी माघार घेणे हा आपलाच निर्णय आहे असे त्याला वाटते. क्लार्कने हे कोणावर आरोप म्हणून लिहिले नव्हते. पुढच्या सुधारणांचा इतिहास वाचताना मात्र त्याचा हा निबंध वारंवार आठवतो.

१९६९ मध्ये गरीब व मागास वस्त्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तके, समुपदेशन व शिकवणी यांचा खर्च उचलणारी एक राज्य योजना सुरू झाली. ती आजही चालू आहे आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातील ती सर्वांत शांतपणे काम करणारी योजना आहे. पण मोठा धक्का आला तो १९७८ च्या जूनमध्ये, करदात्यांच्या जनमतातून. प्रस्ताव क्रमांक १३ ने मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर रोखला. तोवर ही महाविद्यालये स्थानिक करावर चालत आणि स्थानिक मंडळांना जबाबदार असत. आता पैसा राज्याच्या राजधानीतून येऊ लागला आणि पैशामागोमाग नियमही आले. १९८४ मध्ये प्रथमच प्रवेश शुल्क लागले, पूर्ण सत्राला ५० डॉलर. गरिबांना माफी होती. २०१२ पर्यंत हे शुल्क एका श्रेयांकाला ४६ डॉलरपर्यंत पोहोचले आणि त्यानंतर तेथेच थांबले. अमेरिकेच्या मानाने ते अजूनही अत्यल्प आहे. विद्यार्थ्याला पेलत नाही ते घरभाडे, पुस्तके, बसभाडे आणि मुलाला सांभाळणारे माणूस.

शुल्काहून अधिक नुकसान केले ते एका वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रक्रियेने. १९८६ च्या कायद्याने प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची पात्रता तपासून त्याला योग्य वर्गात बसविण्याची व्यवस्था केली. हेतू चांगला होता. परंतु तपासणीचे साधन म्हणजे इंग्रजी व गणिताची एक छोटी चाचणी, पुढे संगणकावर घेतली जाणारी. बहुतेकांना तिची पूर्वकल्पना नसे. कामावरून सुटून आलेला, दहा वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस त्याच दुपारी चाचणीला बसे आणि अपूर्णांकांच्या बेरजेपाशी अडखळून थेट पूर्वतयारीच्या वर्गात जाऊन पडे. १९८८ मध्ये काही विद्यार्थ्यांनी मेक्सिकन-अमेरिकन समाजासाठी काम करणाऱ्या एका कायदेविषयक संस्थेच्या साहाय्याने या चाचण्यांविरुद्ध दावा लावला. १९९१ मध्ये तडजोड झाली. चाचणी वैध असल्याचे सिद्ध करावे, एकट्या चाचणीवर भिस्त ठेवू नये, कोणत्या समाजावर विषम परिणाम होतो ते तपासावे, असे नियम आले. ते छापले गेले आणि पाळलेही गेले, म्हणजे रकाने भरले गेले. चाचणीचा अंमल पंचवीस वर्षे तसाच राहिला.

पूर्वतयारीच्या या वर्गांना आपल्याकडे ‘उपचारात्मक’ म्हणतात. त्यांचे श्रेयांक पदवीला धरले जात नसत. गणितात त्यांच्या तीन-चार पायऱ्या असत. अंकगणित, प्राथमिक बीजगणिताची ओळख, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित, आणि त्यानंतर कोठे विद्यापीठमान्य अभ्यासक्रम. शिक्षकांना वाटे, प्रत्येक पायरीवर सत्तर टक्के उत्तीर्ण होतात, म्हणजे काम ठीक चालले आहे. येथे थोडे गणित करून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. शंभर जण तळाशी बसले, सत्तर उत्तीर्ण झाले. त्यांपैकी ऐंशी टक्क्यांनीच पुढच्या सत्रात नाव नोंदवले, म्हणजे छप्पन्न. त्यांतील एकोणचाळीस उत्तीर्ण, एकतीस पुढे, बावीस उत्तीर्ण, सतरा पुढे, आणि विद्यापीठमान्य गणित उत्तीर्ण झाले ते बारा. कोणत्याही पायरीवर कोणी हलगर्जी केली नाही आणि तरी शंभरांतील अठ्ठ्याऐंशी गळाले. गळती जिन्याच्या लांबीतच होती. चॅबट कॉलेजच्या केटी हर्न आणि लॉस मेडॅनोस कॉलेजच्या मायरा स्नेल या दोन अध्यापिकांनी २०१० मध्ये हा जिना आखूड करण्याची चळवळ सुरू केली, ती अशाच गुणाकाराच्या आधारावर. एक शिक्षिका इंग्रजीची होती, दुसरी गणिताची. मंत्रालयातील कोणा तज्ज्ञाने हे मांडले असते तर इतरांनी ऐकले असते की नाही, याची मला शंका आहे.

आता समतेच्या योजनेकडे येतो. कम्युनिटी कॉलेजांच्या राज्य मंडळाने १९९२ मध्येच विद्यार्थी-समता धोरण स्वीकारले आणि प्रत्येक महाविद्यालयाने समता आराखडा तयार करावा असे ठरविले. त्यासोबत पैसा दिला नाही. ज्यांनी सरकारी कार्यालयात काही वर्षे काढली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. आराखडे आले, त्यांची बांधणी झाली, कपाटात गेले. १९९६ मध्ये जनमताने प्रस्ताव २०९ संमत झाला आणि सार्वजनिक शिक्षणात वंशाच्या आधारे प्राधान्य देण्यास बंदी आली. २०२० मध्ये ती उठविण्याचा प्रयत्न मतदारांनी फेटाळला. भारतीय वाचकाला हा पेच चटकन कळणार नाही. आपल्याकडे घटनेचा आधार घेऊन राखीव जागांची टक्केवारी ठरते, विशिष्ट प्रवर्गाला विशिष्ट सवलत थेट देता येते. कॅलिफोर्नियातील अधिकाऱ्याला वंशनिहाय विषमता मोजता येते, किंबहुना मोजावीच लागते. पण मोजून झाल्यावर त्या वंशाच्या विद्यार्थ्याला काही वेगळे देता येत नाही. तेव्हा उपाय एकच उरतो: ज्या सर्वसाधारण नियमाने काही समाज अधिक भरडले जातात तो नियमच सर्वांसाठी बदलायचा. चाचणीचा नियम हा तसा होता. २०१० नंतरच्या सुधारणांचा कल का बदलला, हे मला तरी यातून उमगले.

ती सुधारणा आली अतिशय वाईट काळात. २००८ च्या मंदीनंतर राज्याने अनुदान कापले, वर्ग बंद पडले आणि एकूण विद्यार्थीसंख्या २९ लाखांवरून २०११-१२ पर्यंत २४ लाखांवर आली. दार उघडे होते, पण आत बसायला वर्गच नव्हता. सँटा मोनिका कॉलेजने २०१२ मध्ये मागणी असलेले काही वर्ग चढ्या दराने चालविण्याचा बेत केला. एप्रिलमध्ये मंडळाच्या बैठकीबाहेर विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, त्यांच्यावर तिखट फवारण्यात आले आणि काही दिवसांत बेत गुंडाळला गेला. त्याच वर्षी विद्यार्थी-यश अधिनियम संमत झाला. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला उद्बोधन, समुपदेशन व लेखी शैक्षणिक आराखडा, तो करणाऱ्यांना वर्गनोंदणीत अग्रक्रम, आणि सलग दोन सत्रे प्रगती न झाल्यास शुल्कमाफी बंद, असे त्याचे स्वरूप होते. शेवटच्या कलमाविषयी टीकाकारांचे म्हणणे मला पटते. जो दोन पाळ्यांत काम करून शिकतो त्याचे एक सत्र बिघडणे आणि सुखवस्तू मुलाचे बिघडणे सारखे नव्हे. २०१४ मध्ये समता आराखड्यांना अखेर पैसा जोडला गेला, पहिल्या वर्षी सात कोटी डॉलर आणि दुसऱ्या वर्षी साडेपंधरा कोटी. बावीस वर्षे कपाटात असलेले कागद बाहेर आले.

चाचणीचा पाया मात्र संशोधनाने हलविला. कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसले, की प्रचलित चाचण्यांमुळे गणितात चारांपैकी एक आणि इंग्रजीत तिघांपैकी एक विद्यार्थी गंभीररीत्या चुकीच्या वर्गात बसवला जातो. शाळेतील चार वर्षांचे गुण हे विद्यार्थ्याच्या पुढील यशाचे अधिक भरवशाचे चिन्ह आहे. लाँग बीच सिटी कॉलेजने त्याच वर्षी शाळेच्या गुणांवर वर्ग ठरविण्यास आरंभ केला. थेट वरच्या वर्गात बसलेल्यांची संख्या कैक पटींनी वाढली आणि ते उत्तीर्णही होऊ लागले.

येथून २०१७ च्या असेंब्ली बिल क्रमांक ७०५ पर्यंतचा प्रवास फार लांब नाही. कायद्याच्या प्रास्ताविकातच आकडे नोंदले आहेत: राज्यातील ७५ टक्क्यांहून अधिक नवे विद्यार्थी उपचारात्मक वर्गांत टाकले जातात. त्या वर्गांतून जाणाऱ्यांपैकी सहा वर्षांत पदवी, प्रमाणपत्र किंवा स्थानांतर साधणारे ४० टक्के, तर थेट वरच्या वर्गातून जाणारे ७० टक्के. या दोन आकड्यांची तुलना सरळ नाही, कारण दोन्ही गटांतील विद्यार्थी मुळात वेगळे होते, आणि कायद्याच्या विरोधकांनी हे दाखवून दिले. पण कायद्याचे मर्म त्या आकड्यांत नाही, पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे यात आहे. पूर्वी विद्यार्थ्याने आपली योग्यता सिद्ध करायची होती. आता खालच्या वर्गात बसवायचे असेल तर महाविद्यालयाने सिद्ध करायचे, की हा विद्यार्थी वरच्या वर्गात यशस्वी होण्याचा संभव अत्यंत कमी आहे आणि खालच्या वर्गाने तो संभव वाढतो. २०१९ च्या शरद सत्रापासून हे सर्वत्र लागू झाले. कमजोर विद्यार्थ्याला मुख्य वर्गासोबतच समांतर आधारवर्ग मिळू लागला. मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांना बीजगणिताऐवजी संख्याशास्त्राची वाट खुली झाली.

याच सुमारास अनुदानाचे सूत्रही बदलले. तोवर अनुदान ठरे ते सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील गणनेच्या दिवशी पटावर किती जण आहेत यावर. त्यानंतर कोण टिकला, कोण गेला, याचा तिजोरीशी संबंध नसे. महाराष्ट्राच्या वाचकांना २०११ च्या ऑक्टोबरमधील पटपडताळणी आठवत असेल. तीन दिवसांत राज्यातील शाळांची मोजदाद झाली आणि लाखो विद्यार्थी केवळ हजेरीपटावरच असल्याचे निघाले. अनुदान पटावर असेल तर पट फुगतो, हा नियम सर्व देशांत सारखाच. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये सूत्र असे केले: सुमारे ७० टक्के अनुदान पटावर, २० टक्के गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येवर, १० टक्के निष्पत्तीवर, आणि निष्पत्तीत गरीब विद्यार्थ्याच्या यशाला अधिक भार. निष्पत्तीचा वाटा २० टक्क्यांपर्यंत नेण्याचा विचार होता, तो सोडून दिला गेला. ज्यांचे अनुदान घटणार त्यांना जुन्या पातळीचे संरक्षण मिळाले आणि त्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. अशी संक्रमणकाळातील संरक्षणे कधी संपत नाहीत, हाही एक सर्वदेशीय नियम. गंमत म्हणजे करोनाच्या साथीनंतर दूरस्थ प्रवेश वाढले तसे तेथेही बनावट विद्यार्थी अवतरले. आर्थिक साहाय्य लाटण्यासाठी भरलेल्या खोट्या अर्जांचा उपद्रव इतका वाढला, की प्राध्यापक पहिल्या आठवड्यात कोण खरा, कोण खोटा हे शोधत बसतात.

न्यूयॉर्कने दुसरी वाट धरली, तिचा उल्लेख केल्यावाचून हे चित्र अपुरे राहील. तेथील सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचे, त्याबदल्यात उरलेले शुल्क, पुस्तके, शहराच्या बस-रेल्वेचा पास आणि मोजक्याच विद्यार्थ्यांचा भार असलेला, वरचेवर भेटणारा सल्लागार. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या मूल्यमापनात तीन वर्षांत पदवी मिळविणारे योजनेत ४० टक्के निघाले, बाहेर २२ टक्के. दर विद्यार्थी खर्च सुमारे साठ टक्क्यांनी वाढला, पण दर पदवीचा खर्च घटला. कॅलिफोर्नियाने नियम बदलले, न्यूयॉर्कने माणसे नेमली. नियम बदलणे स्वस्त पडते, म्हणून सरकारांना ते अधिक रुचते.

आपल्या देशात हे नाव १९९५-९६ च्या सुमारास पुदुच्चेरी आणि मद्रास येथे आले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची योजना केली. पण भारतातील कम्युनिटी कॉलेज प्रामुख्याने कौशल्याची पदविका देते. तेथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाण्याची रुळलेली वाट नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली. बाहेर पडलेल्यांपैकी परत किती येतात आणि कोणत्या समाजांतले येतात, हे मोजण्याची तजवीज आरंभीच झालेली बरी. मधूनच बाहेर पडण्याची सोय गरिबाच्या पोराला आधी वापरावी लागते.

कॅलिफोर्नियात निकाल काय लागला? एका वर्षात विद्यापीठमान्य गणित उत्तीर्ण होणाऱ्या नवागतांचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. सर्वच समाजांचे वाढले. म्हणूनच गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थी जेथे मागे होते तेथे अंतर राहिलेच. २०१७ च्या राज्य आराखड्याने हे अंतर पाच वर्षांत चाळीस टक्क्यांनी कमी आणि दहा वर्षांत नाहीसे करण्याचे ठरविले होते. चाळीस टक्क्यांची ती मुदत टळून गेली. दुसऱ्या बाजूला, थेट वरच्या वर्गात बसून नापास होणाऱ्यांची संख्याही वाढली, हे प्राध्यापकांचे गाऱ्हाणे खोटे नाही. प्रमाण तेच राहिले तरी बसणारे वाढले की पडणारे वाढतात. वीस वर्षांनी शाळेत परतलेल्या प्रौढाला पहिल्याच दिवशी वरच्या गणितात बसविणे हे त्याच्या हिताचे की नाही, याविषयी प्रामाणिक मतभेद आहेत. पूर्वी तो जिन्यावर थकून निमूटपणे जाई. आता त्याच्या गुणपत्रिकेवर नापासाची नोंद राहते.

२०२२ मध्ये असेंब्ली बिल १७०५ ने हा नियम आणखी कडक केला. विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्ये बसवावे, असा त्याचा रोख असून २०२५ च्या शरद सत्रापासून त्याची अंमलबजावणी ठरली. गणिताचे अनेक प्राध्यापक यावर नाराज आहेत. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलाला कॅल्क्युलस कसे शिकवावे, हा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न ज्यांच्या टेबलावर येतो त्या, २०२३ पासून या ११६ महाविद्यालयांच्या प्रमुख असलेल्या सोन्या ख्रिश्चन, मूळच्या केरळच्या. १९९१ मध्ये त्या बेकर्सफील्ड कॉलेजात रुजू झाल्या, त्या गणिताच्याच अध्यापिका म्हणून.